जास्तीचा नमस्कार

मनात आणलं तर माणसाला अशक्य असं काही नाही. मला फक्त कॉम्प्युटरवर जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा बसवायला तीन दिवस लागले.

सुनेनं बजावलंच होतं, “बाबा, आज नाही चाललं, तर कॉम्प्युटर मी परत नेणार.”

दुपारी एकदाचा पाथ, म्हणजे कॉम्प्युटरला जावाचा ठावठिकाणा सांगणारा पत्ता, जुळला. तिच्यासमोर मी ‘नमस्कार’ छापणारा प्रोग्रॅम ऐटीत चालवला. पडद्यावर नमस्कार उमटला. त्याखाली आणखी एक उमटला.

तो मी लिहिला नव्हता; पण श्रेय सोडणाऱ्यांतला मी नव्हे. “बघितलंस, सूनबाई? एकावर एक फुकट!”

“काहीतरीच काय, दोनदा लिहिलं असेल तुम्ही.” वाकून तिनं छापायची ओळच पुसली आणि रिकामा प्रोग्रॅम चालवला.

पडद्यावर सावकाश अक्षरं उमटली:

‘सूनबाई, जरा बाजूला सरका. बाबा दिसत नाहीत.’