कुंपणापलीकडे

“पाइपचं राहू द्या. खरा राग कशाचा आहे?” कोर्टानं नेमलेल्या मध्यस्थ बाईंनी मला विचारलं.

शेजारच्या विसूकाकांच्या न्हाणीच्या पाइपचं पाणी आमच्या अंगणात यायचं, म्हणून नऊ वर्षं आमचा दावा चालला होता. आज पहिल्यांदाच आम्ही एका टेबलाशी बसलो होतो.

“माझी आई गेली,” मी ओरडलो, “तेव्हा हा माणूस कुंपणापलीकडे नुसता उभा होता! तिला वहिनी म्हणायचा, पण खांदा द्यायला आला नाही!”

काकांनी खिशातला चुरगळलेला कागद टेबलावर आपटला. “तुमच्या अंगणात पाऊल टाकायचं नाही, असा मनाई हुकूम तूच आणलास ना? तिरडी अंगणातच होती!”

मी कागद सरळ केला; अर्जदार म्हणून माझंच नाव होतं.

“पाइप उद्याच वळवतो,” काका म्हणाले. “पण वहिनींना खांदा कधी देऊ, तेवढं सांग.”