एनबीएमची पाटी

खाटेला अडकवलेली पाटी वाचून लेकीने विचारलं, "आई, एनबीएम म्हणजे काय गं?"

"नथिंग बाय माउथ. तोंडाने काही द्यायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही," शेवंतामावशी म्हणाल्या. याच वॉर्डात तीस वर्षं आयाचं काम करताना त्यांनी हे शेकडो नातेवाइकांना समजावलं होतं. आज ऑपरेशन त्यांचंच होतं आणि घशाला कोरड पडली होती.

समोर खिडकीपाशी बारा नंबरची खाट होती. चार वर्षांपूर्वी तिथल्या म्हाताऱ्या बाबांनी सकाळपासून पाणी मागितलं होतं. "मावशी, घोटभर द्या की." दर वेळी मावशींनी पाटीकडे बोट दाखवलं आणि शेवटी वैतागून पाण्याची बाटलीच लांब नेऊन ठेवली. दुपारी बाबा गेले. चादर बदलताना मावशींना आठवलं, ती पाटी आदल्या दिवशीच्या पेशंटची होती. काढायची त्यांच्याच हातून राहिली होती. बाबांना पाण्याची बंदी नव्हतीच. मावशींनी पाटी पदराखाली घातली आणि कुणापाशी अवाक्षर काढलं नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी सिस्टरने पाटी काढली आणि पाण्याचा ग्लास मावशींच्या ओठांशी धरला. "प्या आता, हळूहळू."

मावशींनी तोंड फिरवलं. "आधी त्यांना दे."

"कुणाला?"

मावशींनी खिडकीकडे बोट दाखवलं. लेकीने वळून पाहिलं. बारा नंबरच्या खाटेवर नुसती गुंडाळलेली गादी होती.

"सकाळपासून मागतायत," मावशी म्हणाल्या.