पाहुण्यांचं पाणी

अणुभट्टीच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं करणारा तो प्रकल्प. तिथल्या शिपायाचं काम एकच: पाहुण्यांपुढे ट्रे धरायचा आणि त्यांच्या देखत आधी स्वतः एक ग्लास पिऊन दाखवायचा. "भट्टीचा या पाण्याला स्पर्शसुद्धा होत नाही," साहेब घसा कोरडा होईस्तोवर सांगायचे. पाहुणे माना डोलवायचे, ग्लास ओठांपर्यंत न्यायचे आणि हळूच खाली ठेवायचे. नऊ वर्षं हेच.

आज मात्र बावीसच्या बावीस जणांनी ग्लास रिकामे केले. एका बाईंनी तर दुसरा मागितला. साहेबांना आभाळ ठेंगणं झालं. "जिंकलो रे!" त्यांनी शिपायाच्या पाठीवर थाप मारली. तो कसनुसं हसला.

टेकडीवरच्या त्याच्या वस्तीत पंधरा दिवस नळ कोरडे होते. प्रकल्पातलं पाणी घरी न्यायला बंदी होती, पण पाहुण्यांनी टाकलेल्या पाण्याला कोण विचारतं! संध्याकाळी बायकोनं दारातच त्याच्या हातातला कॅन घेतला. तो हलका लागला.

"आज पाहुणे आले नाहीत?"

"आले होते. बावीस."

"मग?"

"सगळे प्यायले."

तिनं कॅन कानाशी धरून हलवून पाहिला.

"एकसुद्धा घाबरला नाही?"