सहीखालची रेघ

सहा वेळा निवडून आलेले नगरसेवक भाऊ आपल्या कार्यालयातली कपाटं रिकामी करत होते. सातव्यांदा पक्षाने त्यांना तिकीट दिलं नव्हतं. मदतीला म्हातारा कारकून होता. भाऊंकडे आलेले अर्ज इतकी वर्षं तोच वर पोचवत आला होता.

तेवढ्यात ताई आली. अख्खा प्रभाग त्यांना भाऊ म्हणायचा, पण सख्खी बहीण ही एकच. दुखरे गुडघे सांभाळत ती खुर्चीत टेकली आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला. वीस वर्षांपूर्वीचा नळजोडणीचा अर्ज. खाली भाऊंची सही.

"उद्या तुझ्या सत्कारात हा वाचून दाखवणार आहे मी," ती म्हणाली. "भावाने एका दिवसात सही दिली. माशी शिंकली ती पाणीखात्यातल्या त्या इंजिनिअरकडे. इतकी वर्षं खालच्या नळावरून पाणी चढवलं, पण तुला कधी बोल लावला नाही. तो गेला तेव्हा त्याच्या दारातसुद्धा गेले नाही मी. त्याची बायको माझी मैत्रीण होती रे."

गठ्ठा बांधणारा कारकून थांबला.

भाऊंनी कुणाला तोंडावर कधी नाही म्हटलं नव्हतं. येईल त्या अर्जावर ते सही ठोकत. सहीखाली रेघ असली तर काम करायचं, नसली तर कागद बासनात. हे कारकुनाला ठाऊक होतं आणि त्या इंजिनिअरला. त्या बिचाऱ्याने मरेपर्यंत ताईच्या शिव्या खाल्ल्या, पण तोंड उघडलं नाही.

ते निवडणुकीचं वर्ष होतं. पाइप ज्याच्या अंगणातून जाणार होता, त्याचा विरोध होता आणि त्याच्या घरात अठरा मतं होती. बहिणीचं मत काय, घरचंच. त्या विचाराची भाऊंना आज लाज वाटली.

"ताई, उद्या हा वाचू नकोस."

"का?"

"या सहीखाली रेघ नाही. रेघ नसली की काम करायचं नाही, असं ठरलेलं होतं. मीच ठरवलं होतं."

ताईने कागद डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ ती सही बघत राहिली. मग तिने तो टेबलावर ठेवला, हाताने सपाट केला आणि भाऊंचं पेन त्यांच्याकडे सरकवलं.

"मग आता ओढ."