तिसरी कडी

दोन महिन्यांत त्या घरून सुताराला आलेलं हे तिसरं बोलावणं. पुन्हा तेच बाथरूमचं दार, आणि पुन्हा आतली कडी स्क्रूसकट उखडलेली.

"दार फुगतं हो, दादा," सुजलेला गाल हाताने झाकत घरातली बाई म्हणाली.

"फुगलेलं दार अडकतं, ताई. कडी उपटून काढत नाही."

ती स्वयंपाकघरात निघून गेली.

मागच्या खेपेला तो इथून थेट पोलीस चौकीत गेला होता. हवालदाराने विचारलं, "बाईंची तक्रार आहे का?"

"त्या बोलत नाहीत, साहेब."

"मग तुम्ही त्यांचे कोण?"

"सुतार."

"मग दार बघा की. दुसऱ्याच्या संसारात कशाला करवत घालता?"

आज तो दातओठ खात दारच बघत होता. या वेळी त्याने जाड लोखंडी कडी आणली होती आणि बोटभर लांब स्क्रू. हत्तीने धक्का दिला तरी निघणार नाही अशी ती बसवायची होती. खूण करायला त्याने दारावर पेन्सिल टेकवली, तेवढ्यात बाईची सहा वर्षांची मुलगी जवळ येऊन उभी राहिली.

"काका, थोडी खाली लावा ना. माझा हात पुरत नाही, बादलीवर चढावं लागतं."

"तू कशाला चढतेस? आई लावेल की."

"आई आत नसतेच. ती मला आत ढकलते आणि बाहेर दाराला पाठ लावून उभी राहते."