बॉनेटमधला हार

सिग्नलला थांबली की गाडी हुडहुडी भरल्यासारखी थडथडायची. दसऱ्याला धडधाकट होती, दिवाळीला ही दशा! "इंजिन गेलं," म्हणत श्रीपादरावांनी गाडी विकायला गिऱ्हाईकच बोलावलं.

कुमुदताईंना राहवेना. याच गाडीवर त्या पन्नाशीत ड्रायव्हिंग शिकल्या होत्या. चालू इंजिनावर त्यांनी बॉनेट उघडलं नि कान लावला. रिंग गेलेल्या कुकरसारखी आत फुसफुस चालली होती. चाचपता चाचपता त्या चपापल्या. हवेची रबरी नळी निसटली होती. दसऱ्याच्या पूजेला त्यांनीच नळीला बांधलेला झेंडूचा हार तिला खाली ओढत लोंबत होता!

हार सोडवून त्यांनी नळी गच्च बसवली. थडथड थांबली, इंजिन एका लयीत घुमू लागलं.

"अहो, गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगा!"

श्रीपादराव धावत आले. "काय झालं होतं गं?"

"दृष्ट लागली होती," म्हणत ताईंनी वाळका हार पदराआड सारला.