शॉकअपचं निमित्त

बाबांची जुनी गाडी पुन्हा धाकट्याच्या गॅरेजसमोर उभी दिसली आणि थोरल्याच्या पोटात दुखायला लागलं. त्याचं स्वतःचं गॅरेज त्याच रस्त्यावर, गिऱ्हाइकांनी भरलेलं. बाबा मात्र त्याच्यासमोरूनच पायी घरी निघाले होते.

त्यानं त्यांना अडवलंच. "मागच्या महिन्यात स्टीअरिंगचा टाय रॉड, आज म्हणे शॉकअप वाजतायत. त्याचं काम टिकत नाही, तरी जाता तिकडेच! सगळं गाव माझ्याकडे येतं आणि माझा सख्खा बाप त्याच्याकडे. लाडका ना तुमचा!"

"काम टिकलंय रे. गाडी लोण्यासारखी चालते. स्टीअरिंगला नुसतं बोट लावलं तरी वळते."

"मग ती तिथं कशाला?"

"तुझ्या दारात गाडी लावायला जागा नसते, त्याच्या दारात चिटपाखरू नसतं. देवाच्या दारीसुद्धा एक उभा दिसला की मगच दुसरा थांबतो, बाळा."

बाबा वळणापलीकडे गेल्यावर थोरल्यानं धाकट्याला फोन लावला.

"अरे, माझ्या गाडीचं स्टीअरिंग जरा जड लागतंय. आणून लावू का तुझ्याकडे?"